‘आढळले नाहीत’ या दोन शब्दांचा अर्थ : अन्नातल्या घातक जीवाणूंचा शोध
(शहागड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस अन्नातल्या जीवाणूंवर काय बोलणार, हा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर आम्हाला इथून दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं. म्हणजे एखादी गोष्ट ‘कळली’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, त्याचं शास्त्र. प्रयोगशाळेशी आमचा संबंध आला तो एका कागदामुळे. त्या कागदावर शेवटी दोन शब्द होते : ‘आढळले नाहीत’. त्या दोन शब्दांनी आम्हाला पुन्हा विद्यार्थी केलं. आज त्यांचाच अर्थ आपण मिळून लावू.

एका सप्ताहाची गोष्ट

बरीच वर्षं झाली. गोदाकाठच्याच एका गावात हरिनाम सप्ताह होता आणि व्यवस्था पाहणाऱ्यांत आम्हीही होतो. काल्याच्या कीर्तनानंतर पंगती बसल्या. वरण, भात, पोळी, बुंदी. गर्दी मोठी, म्हणून वरण पहाटेच शिजवून मोठ्या पातेल्यांत झाकून ठेवलेलं. शेवटची पंगत उठेपर्यंत दुपारचे तीन वाजून गेले. रात्री दहा-अकरापासून लोकांच्या पोटात कळा यायला लागल्या, जुलाब सुरू झाले. उलट्या फारशा नव्हत्या. सत्तर-ऐंशी माणसं आजारी पडली. कुणी दगावलं नाही, पण एक आजीबाई आठवडाभर अंथरुणाला खिळून होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना घ्यायला माणसं आली. तोवर पातेली घासून पालथी घातलेली. मंडळी, ती घासायला आम्हीच सांगितलं होतं, घाण राहू नये म्हणून. मग एका घरात डब्यात नेलेलं थोडं वरण आणि मूठभर बुंदी सापडली. तीच पिशवीत घालून, उन्हातून, मोटारसायकलवर गेली.

दोन-अडीच आठवड्यांनी कागद आला. तपासलेले रोगकारक जीवाणू आढळले नाहीत. अर्धं गाव म्हणालं, बघा, आचारी निर्दोष आहे. उरलेलं अर्धं म्हणालं, कागद मॅनेज केला. आचाऱ्याला पुढे त्या पंचक्रोशीत काम मिळालं नाही. वाक्य एकच, अर्थ दोन, आणि दोन्ही बाजूंना वाटत होतं की कागद काय सांगतो ते आपल्याला कळलं आहे. खरं तर कागद जवळजवळ काहीच सांगत नव्हता.

घट नाही, हे कसं कळतं?

आपल्याकडच्या दर्शनांत यावर फार बारकाईने विचार झाला आहे. जमिनीवर घट आहे, हे डोळ्यांनी दिसतं. पण ‘जमिनीवर घट नाही’ हे कशाने कळतं? नसलेली गोष्ट तर डोळ्यांना दिसत नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणाले, यासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानायला हवं. त्याचं नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं.

मात्र त्यांनी लगेच एक अट घातली. अंधारात घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळे ठीक हवेत, नजर त्याच जागी हवी. म्हणजे ‘घट असता तर नक्की दिसला असता’ अशी परिस्थिती हवी. अशा न आढळण्याला म्हणतात योग्यानुपलब्धी. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनीही असाच मुद्दा मांडला : जे दिसण्याजोगं आहे, त्याच्या न दिसण्यावरूनच अभाव ठरतो. पिशाच दिसलं नाही एवढ्यावरून पिशाच नाही असं सिद्ध होत नाही, कारण ते दिसण्याजोगं आहे असं कुणी म्हणतच नाही.

आता प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. ‘२५ ग्रॅममध्ये साल्मोनेला आढळला नाही.’ हे अनुपलब्धीचं वाक्य आहे. मग विचारायचा प्रश्न एकच : साल्मोनेला असता, तर तो नक्की आढळला असता का? जीवाणू शोधण्याच्या पद्धती गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सुधारत गेल्या, म्हणजे या प्रश्नाचं उत्तर ‘हो’च्या जवळ जात राहिलं. आमच्या मते त्या सगळ्या सुधारणांचा गाभा हाच आहे.

प्रयोगशाळेत इतके दिवस काय चालतं?

जीवाणू एकटा असला तर शोधणं अवघड. म्हणून पहिली युक्ती अशी की त्याला वाढवायचं. एक जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होत गेला, तर सात तासांत वीस लाखांच्या वर जातो. डॉक्टर रॉबर्ट कॉख आधी बटाट्याच्या कापांवर जीवाणू वाढवत असत, मग जिलेटिनवर. पण जिलेटिन उबेला वितळतं आणि काही जीवाणू ते पचवूनही टाकतात. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी सुचवलं की स्वयंपाकात वापरतात ते अगार घ्या. आपल्याकडे जेलीसाठी चायना ग्रास मिळतं ना, तेच. पुढे १८८७ मध्ये ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी आणली. स्वयंपाकघरातली एक बाई आणि एक बशी, यांवर आजही जगातल्या प्रयोगशाळा उभ्या आहेत.

दुसरी युक्ती निवड करण्याची. अन्नात निरुपद्रवी जीवाणूही भरपूर असतात, त्यांच्या गर्दीत घातक जीवाणू हरवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅककॉन्की यांनी माध्यमात पित्ताचे क्षार घातले. आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंना पित्ताची सवय असते, बाहेरच्या बऱ्याच जीवाणूंना ती नसते. म्हणजे हा दाराशी उभा केलेला राखणदारच झाला.

आता साल्मोनेलाची प्रमाण पद्धत बघा. २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर पेप्टोनच्या पाण्यात कालवून रात्रभर उबेत ठेवतात. या पाण्यात कसलंही कडक औषध नसतं. का? तर शिजवणं, वाळवणं, गोठवणं यातून वाचलेला जीवाणू जखमी असतो. त्याला थेट राखणदारासमोर उभं केलं तर तो तिथेच मरतो, आणि आपण लिहितो, ‘आढळला नाही’. म्हणून आधी त्याची शुश्रूषा. दुसऱ्या दिवशी कडक माध्यमात, तिसऱ्या दिवशी बशीवर, मग संशयित ठिपके उचलून खात्रीच्या चाचण्या. चार-पाच दिवस सहज जातात. शत्रूला पकडण्यासाठी आधी त्याला बरं करायचं, ही या पद्धतीतली मोठी शहाणपणाची गोष्ट आहे.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. भातासाठी ते खरं आहे, कारण एका पातेल्यातली सगळी शितं साधारण सारखीच शिजतात. जीवाणू तसे पसरत नाहीत. ते गव्हाच्या पोत्यातल्या खड्यांसारखे असतात. एका कोपऱ्यात चार, बाकी पोतं स्वच्छ.

थोडा हिशोब करू. समजा, शंभर पाकिटांत एक पाकीट दूषित आहे आणि आपण पाच पाकिटं तपासली. पाचही चांगली निघण्याची शक्यता किती? सुमारे ९५ टक्के. म्हणजे अहवाल जवळजवळ नेहमीच ‘आढळले नाहीत’ असाच येणार, आणि प्रयोगशाळेने एकही चूक केलेली नसेल. शंभरात दहा पाकिटं दूषित असली तरी पाच नमुन्यांतून सुटून जाण्याची शक्यता ५९ टक्के उरते. शंभरात पाच दूषित असतील आणि ती ९५ टक्के खात्रीने पकडायची असतील, तर जवळपास ६० पाकिटं तपासावी लागतील. यंत्र कितीही महाग आणा, ते आत गेलेल्या २५ ग्रॅमबद्दलच बोलतं.

शोधायचं काय, तेच चुकलं तर?

यापेक्षाही अवघड प्रश्न असा की आपण शोधतो काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार माणसं आजारी पडली. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोकांना त्रास झाला. खाटा पुरेनात म्हणून झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावल्याची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. भगरीबाबत आपलं अन्न व औषध प्रशासन वारंवार सांगत आलं आहे की ओलावा लागलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यातून विषारी द्रव्यं तयार होतात. आता अशा भगरीत तुम्ही फक्त साल्मोनेला शोधलात तर? तो आढळणार नाही. अहवाल खरा असेल आणि माणसं तरीही आजारी असतील.

जीवाणूंचंही असंच होतं. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून स्टॅफिलोकॉकस खव्यात, पेढ्यात पडला, तिथे वाढला आणि त्याने विष तयार केलं. नंतर खवा तापवला. जीवाणू मेला, पण विष उकळूनही टिकतं. बशीवर काही उगवणार नाही. इथे जीवाणूऐवजी विषच शोधणारी चाचणी लागते, आणि एलायझासारख्या पद्धती १९७१ नंतर आल्या तेव्हा हे काम सोपं झालं. शिळ्या भातातला बॅसिलस सेरियसही याच स्वभावाचा.

आणि आमचं ते वरण. मोठ्या पातेल्यात, तळाशी, जिथे हवा पोचत नाही, तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जीवाणू वाढतो. त्याची बीजं शिजवण्यातून वाचतात. पातेलं हळूहळू निवत असताना, ४५ अंशांच्या आसपास, तो दहा मिनिटांतही दुप्पट होऊ शकतो. खाल्ल्यानंतर आठ-बारा तासांनी पोटात कळा, जुलाब, उलट्या कमी. लक्षणं जुळतात ना? पण हा जीवाणू प्राणवायूत वाढत नाही, त्याला हवाबंद बरणीत वाढवावं लागतं. शिवाय नमुना गार केला तरी तो मरतो, म्हणून ग्लिसरॉलच्या द्रावणात ठेवावा लागतो. आमच्या कागदावर तपासलेल्या जीवाणूंची यादी होती. त्यात त्याचं नाव नव्हतं. अंधारात घट पाहिला आणि नाही म्हणून सांगितलं, तसं झालं ते.

वेळ कमी करण्याची धडपड

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्यानुसार नमुन्याचे चार भाग करतात आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. भेसळ तपासायला ही रचना ठीक आहे. दुधात स्टार्च आज असेल तर तो पंधरा दिवसांनीही असेल. जीवाणू मात्र जिवंत आहे. वाटेत वाढतो, नाही तर मरतो. भेसळीसाठी घेतलेल्या दुधाच्या नमुन्यात टिकावं म्हणून फॉर्मालिनचे थेंब घालतात, पण त्याने जीवाणू मरतात. म्हणून जीवाणूंसाठीचा नमुना वेगळाच, निर्जंतुक डब्यात, काही न मिसळता, बर्फाच्या पेटीत आणि लवकर जायला हवा. शहागडहून छत्रपती संभाजीनगर साधारण ऐंशी किलोमीटर. मे महिन्यात तेवढं अंतरही जीवाणूंना पुष्कळ आहे.

नव्या पद्धती हा वेळ वाचवू पाहतात. कोविडमुळे पीसीआर हा शब्द घराघरांत गेला. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेली ही युक्ती जीवाणूच्या डीएनएचा ठराविक तुकडा काही तासांत कोटींनी वाढवते. रात्रभर अन्न उबवून सकाळी पीसीआर केला तर दुसऱ्याच दिवशी उत्तर हाती येतं. २००० साली जपानी संशोधकांनी लॅम्प ही पद्धत मांडली. तिला ६०-६५ अंशांचं एकच स्थिर तापमान लागतं, मोठं यंत्र लागत नाही, तासाभरात द्रावण गढूळ होतं किंवा रंग बदलतं. तालुक्याच्या ठिकाणी शोभेल अशी ही पद्धत.

पण इथेही तोच प्रश्न, उलट बाजूने. पीसीआरला मेलेल्या जीवाणूचा डीएनएही सापडतो. नीट शिजवलेल्या अन्नात ‘आढळला’ असं उत्तर आलं तर धोका आहे, की होऊन गेलेला होता? म्हणून अजून बशीवर खात्री करतात. आणि १९८२ मध्ये रिटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पटकीचा जीवाणू जिवंत असूनही बशीवर न उगवण्याच्या अवस्थेत जाऊ शकतो. म्हणजे बशी ज्याला नाही म्हणते, तो असू शकतो. कुठलंच एक प्रमाण पुरत नाही, दोन-तीन मिळून खात्री येते.

दोष कुणाचा?

आता त्या आचाऱ्याकडे परत येऊ. पण आधी एक मोठी गोष्ट. मुंबईच्या परळला डॉ. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची लस बनवणारी प्रयोगशाळा होती, तीच आजची हाफकिन संस्था. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने मेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. जीवाणू बाटलीत परळला शिरला, की गावात बाटली उघडताना? चौकशीने प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं, हाफकिन यांना काम सोडावं लागलं. पुढे कळलं की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. जीवाणू होता, हे सगळ्यांना मान्य होतं. तो कुठून आला, हे सांगणारी पद्धत तेव्हा नव्हती.

आज ती आहे. जीवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून रुग्णातला आणि अन्नातला जीवाणू एकाच कुळातला आहे का, हे ताडता येतं. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाची मोठी साथ आली. हजारावर रुग्ण, दोनशेहून अधिक मृत्यू. महिनोन्‌महिने उगम सापडेना. मग एका बालवाडीतली मुलं जुलाबाने आजारी पडली, तिथल्या फ्रिजमधलं पोलोनी नावाचं मांसाचं उत्पादन तपासलं आणि आराखडे जुळवत मार्च २०१८ मध्ये थेट कारखान्यापर्यंत पोचता आलं. मात्र त्यासाठी फ्रिजमध्ये ते अन्न उरलेलं होतं, हे विसरू नका.

आमच्याकडे काही उरलं नव्हतं. म्हणून त्या आचाऱ्याला दोषी ठरवताही आलं नाही आणि मोकळंही करता आलं नाही. कदाचित दोष त्याचा नव्हताच. वरण पहाटे शिजवा, हे आम्ही ठरवलं होतं.

मग आपण काय करायचं?

सगळ्याच गोष्टींना मोठी प्रयोगशाळा लागत नाही. डेअरीत मेथिलिन ब्लूची चाचणी कित्येक वर्षं चालते. दुधात निळा रंग टाकायचा, जीवाणू जास्त तितका रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात उडाला तर दूध वाईट, पाच तास टिकला तर उत्तम. पाण्यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये कागदाच्या पट्टीची बाटली सुचवली. पाणी भरून ठेवायचं, विष्ठेची घाण असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. आज ती खेड्यापाड्यांत वापरली जाते. कोणता जीवाणू, हे या चाचण्या सांगत नाहीत. पण सावध करतात.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणा प्रयोगशाळेच्या बाहेरच आहे. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ई. कोलायच्या घातक प्रकाराने हजारो मुलं आजारी पडली. त्यानंतर तिथे मोठ्या स्वयंपाकघरांसाठी नियम आला : प्रत्येक पदार्थाचे आणि कच्च्या मालाचे ५० ग्रॅम, उणे २० अंशांत, दोन आठवडे राखून ठेवायचे. आपल्या सप्ताहात, लग्नात, वसतिगृहात हे का होऊ नये? उकळलेल्या चमच्याने, स्वच्छ झाकणाच्या डबीत, प्रत्येक पातेल्यातून शंभर-दीडशे ग्रॅम. डबीवर पदार्थ, शिजल्याची वेळ, वाढल्याची वेळ. गावात कुणाचा तरी फ्रिज असतोच. आणि कुणाला त्रास झाला, तर पातेली घासायची नाहीत.

एवढं केलं की न आढळणंही काही सांगायला लागतं. तेव्हा अहवाल हातात आला की चार गोष्टी विचारा. किती आणि कुठून तपासलं? नमुना कसा आला? काय काय शोधलं? ते असतं, तर या पद्धतीने सापडलं असतं का? ही उत्तरं नसतील तर तो कागद कुणाला दोषी ठरवायला वापरू नका, आणि कुणाला निर्धास्त करायलाही.

प्रश्नोत्तरे

एका ताईंनी विचारलं, मग वास, चव घेऊन कळत नाही का? ताई, अन्न नासवणारे जीवाणू बरेचदा वास सोडतात. आजारी पाडणारे बहुतेक वेळा सोडत नाहीत. आमच्या त्या वरणाची चव, लोक सांगतात, फार छान होती.

दुसऱ्या एकांनी विचारलं, चाचणीनेच सुरक्षितता येते का? नाही. चाचणी ही नंतरची गोष्ट. अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं किंवा पटकन ५ अंशांखाली गेलं, हात स्वच्छ असले, वरण पंगतीच्या तोंडावर शिजलं, तर शोधायला फारसं उरत नाही. आता आम्ही कुठेही व्यवस्थेत असलो की दोनच कामं मागून घेतो. वरण कधी चढवायचं ते ठरवणं, आणि त्या डब्या भरणं.